सतरंजीवरची जागा

त्या शाळेत पोरायले झाडू माराले शिकवत. हातभर लांबीचे झाडू मुद्दाम करून आनले होते. पाच वर्साचं पोट्टं दोन फरकाटे मारे अन् बाई म्हने, "शाब्बास, किती छान." सुट्टी झाल्यावर तेच खोली मी खरी झाडो. मले कोनी शाब्बास म्हनलं नाही, अन् मले ते पाह्यजेबी नव्हतं. मले एकच गोष्ट पाह्यजे होती. माह्या पोरीले आत बसाची जागा.

मंगरुळात चांगल्या घरच्या लोकायनं कमिटी करून ते बालमंदिर काढलं होतं. माँटेसरी म्हनत. पोरानं आपल्या हातानं करून शिकावं, अशी त्याची रीत. माहा नवरा शिरपूरले सालदार, वर्सभर तिकडंच. मी बालमंदिरात मावशी होती. सकायी घरोघर जाऊन अठरा पोरं आनाचे, दोन कडेवर, बाकीचे पदराले धरून. शेंबूड पुसाचा, चड्ड्या धुवाच्या. माही पोरगी चार वर्साची. घरी कोनापाशी ठेवू? संग आनो. ते भाईर ओसरीवर बसे. माह्या कडेवर त्यायचे पोरं चालत होते, त्यायच्या सतरंजीवर माही पोर चालत नव्हती.

दसरा झाला अन् मी बाईले इचारलं, "बाई, हिलेबी बसू द्या ना आत."

बाई जवान होती, शिकलेली, बोलाले गोड. म्हने, "माझी काही हरकत नाही हो, मावशी. पण कमिटीला विचारावं लागेल. एवढा आठवडा जाऊ दे, मग बघू."

त्या हप्त्यात शरद ऋतूचे काम होते, अन् शनवारी अमरावतीहून एक मोठ्या बाई शाळा पाहाले येनार होत्या. शरद म्हनजे काय ते मले तवा ठावं नव्हतं. आमच्याकडं त्याले कापूस फुटाचे दिवस म्हनत.

सोमवारी पानं जमा केले. आपट्याचे, पिंपयाचे, लहान इकडं, मोठे तिकडं. मंगयवारी बाईनं निवडलेले मूंग, निवडलेले उडीद अन् ज्वारी एका परातीत ओतले अन् हातानं कालवले. माहा जीव वर आला. म्हनलं, "बाई, हे काय करून राह्यल्या? निवडेल धान्य मिसयते का कोनी?"

"मुलं परत निवडतील, मावशी. तोच तर खेळ आहे."

खेय. मी घरोघरचं धान्य निवडू निवडू डोये फोडले, अन् हे म्हने खेय.

गुरवारी कमिटीच्या अध्यक्षाच्या वावरातून बोंडं आनले. पोरायनं कापूस काढाचा, सरकी येगयी कराची. अर्ध्या पोरायनं कापूस फाडला, एकानं सरकी नाकात घातली, ते मीच काढली. खोलीभर उडला तो कापूस. ओसरीवर दोन-चार बोंडं गेले होते, ते माह्या पोरीनं घेतले. बाई भाईर आली तं पोरीपाशी पांढरा साफ ढीग, काडी नाही, कचरा नाही. सरकीची रांग लावेल. घरी ते माह्यापाशी तेच करे, बोटं बसले होते तिचे.

बाई लय येळ पाहत राह्यली. शुक्रवारी म्हने, "मावशी, उद्या हिला आंघोळ घालून आणा. आत बसवू."

मले वाटलं, भेटली जागा. शनवारी सकायीच पोरीले घासू घासू न्हाऊ घातलं. येनी घट्ट घातली तं रडली, तरी सोडली नाही. शाळेत बाईनं कोन्या तरी पोरीचा फिराक आनून ठेवला होता, निया रंगाचा. घातला. पोर सतरंजीवर मधात बसली.

मोठ्या बाई आल्या. साऱ्यायले सोडून माह्या पोरीपाशी खाली बसल्या. "किती सफाईदार बोटं आहेत. ही कधीपासून येते?"

बाई म्हने, "जूनपासून."

मी दारात पान्याचा गडवा घेऊन उभी होती. बाईनं माह्याकडं पाह्यलं नाही.

"बघा, पद्धतीचा किती फरक पडतो," मोठ्या बाई म्हनल्या, अन् वहीत लिवून घेतलं.

त्यायचा टांगा गेला अन् बाई म्हने, "मावशी, तेवढा फ्रॉक काढून द्या. ज्यांचा आहे त्यांना परत करायचाय."

"अन् सोमवारी?"

"कमिटीला विचारते म्हटलं ना."

फिराक काढला. पोर कोनी न सांगता आपली ओसरीवर जाऊन बसली. ते मले सहन झालं नाही. पन त्या दिवशी मी खोली झाडली अन् घरी गेली.

सोमवारी मी एकाबी घरी गेली नाही. पोरीले घेतलं, सिधी शाळेत गेली, तिले सतरंजीवर बसवलं अन् बाजूले मी बसली.

बाई म्हने, "मावशी, मुलं कुठे आहेत?"

"त्यायच्या घरी."

"आणायची नाहीत का?"

"हे आनली ना. जूनपासूनची हाय. बाकीचे तुमी आना."

तिचं तोंड लाल झालं. गेली आनाले. घंट्याभरानं पाच पोरं आनले, तीन बोंबलत. त्यायच्या मांगं अध्यक्षीनबाई आली. मले म्हने, "ऊठ तिथून."

"पोर बसत असन तं उठतो."

"दोघीबी उठा. उद्यापासून येऊ नको."

मी बाईकडं पाह्यलं. 'जूनपासून' म्हननारी तोंडात मूंग धरून उभी. एक शब्द बोलली असती तं मी तिचं सारं इसरली असती. आमी उठलो.

मंगयवारपासून मी वेचनीले गेली, पोर संग. कापसाच्या दोन ओयीच्या मधात चालता चालता मले इचारते, "माय, मी कापूस चांगला नाही केला का? कचरा राह्यला होता का?"

मी म्हनलं, "वेच."

दुसरं काय सांगू? चार वर्साच्या लेकराले वाटे, का आपल्याच कामात खोट होती म्हनून भाईर काढलं. नोकरी गेली त्याचं मले काही नाही, हातपाय होते. पन त्या बाईनं माह्या पोरीले हा इचार कराले लावला, त्याचा राग माहा आजबी गेला नाही. लोक म्हनतात, ते बाई मनानं चांगली होती. असन. मी तिले माफ केलं नाही.