आक्काच्या कॅसेट आणि माझी शिफारस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आक्काचे आहेत. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वडील मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने रानोमाळ असायचे आणि आमच्या गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती. आक्काचं लग्न बोरीला झालं. नवरीसोबत पाठराखा म्हणून धाकटं भावंड पाठवायची आमच्याकडं पद्धत आहे. चार दिवस राहून, नवे कपडे घेऊन ते परत येतं. मी परत आलो नाही. सासरी पाय ठेवून आठवडाही झाला नसेल, तेव्हाच आक्कानं दाजींना विचारलं की ह्याला इथल्याच शाळेत घालू का. नव्या नवरीनं असं विचारायला काय लागतं, हे मला तेव्हा कळलं नाही. दाजी हो म्हणाले. बोरीला शाळा झाली, मग रोज एसटीनं जिंतूरला कॉलेज, मग परभणी. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आज परभणीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो.

गाण्याची आवडही मला आक्काच्याच घरात लागली. दाजींनी भजनं ऐकायला टेपरेकॉर्डर घेतला होता. एकदा आक्कानं मला जिंतूरहून सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट आणायला सांगितली. स्टँडजवळच्या दुकानात सिनेमाच्या कॅसेट महाग होत्या. खाली एका खोक्यात एका स्वस्त कंपनीच्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेट पडलेल्या होत्या. सगळ्यांना एकसारखा पिवळा पातळ कागद, सगळ्यांवर तंबोऱ्याचं तेच चित्र.

"घेऊन जा मास्तर," दुकानदार म्हणाला. "इथं कोण ऐकतंय हे? माणसं गाणं कधी सुरू होतंय म्हणून वाट बघतात, अन् कटाळून परत आणून देतात."

मी एकीच्या ऐवजी दोन घेतल्या. घरी लावल्या तेव्हा आक्का तुरीची डाळ निवडत बसली होती.

"सिनेमातलं न्हाई हे?"

"न्हाई."

थोडा वेळ तिनं ऐकलं. "बाई रडायलीय का गायलीय?"

"गायलीय."

"मग राहू दे."

नंतर तो खोका हळूहळू आमच्याच घरी आला. मी टेपजवळ कान लावून बसायचो आणि आक्का कामात असायची. माझ्या डोक्यात चित्र असं पक्कं झालं की ऐकणारा मी आणि ती नुसती त्या खोलीत असलेली. नोकरी लागल्यावर परभणीला खोली केली, तेव्हा कॅसेट बोरीलाच ठेवल्या. आक्का माझी आठवण म्हणून त्या सांभाळते आहे, असंच मी धरून चाललो. कधी विचारलं नाही.

दोन-तीन वर्षांपासून परभणीतल्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मी ऐकण्यासारख्या गाण्यांबद्दल लिहितो. वाचणारे म्हणजे शाळेतले शिक्षक, निवृत्त कारकून, काही विद्यार्थी. कुठलं ध्वनिमुद्रण कशासाठी ऐकावं, एवढंच सांगायचं असतं. गेल्या दिवाळीच्या आसपास मी त्या पिवळ्या कॅसेटवाल्या कंपनीवर लिहिलं. लेख मनापासून लिहिला होता. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभं केलं नाही अशा गायक-वादकांना या कंपनीनं रेकॉर्ड केलं, हे लिहिलं. त्यातलं काय काय शोधून ऐकावं ते लिहिलं. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण एव्हाना माझी शहरातल्या काही जाणकार मंडळींशी ओळख झाली होती. त्यांच्या बोलण्यात मूळ प्रत, शुद्ध प्रत असे शब्द असायचे. आपणही तेवढेच बारकाईनं ऐकतो, हे मला दाखवायचं होतं. म्हणून मी कंपनीचे दोष काढले. कॅसेटच्या अर्ध्या तासाच्या बाजूत बसवायला त्यांनी आलाप कापले. टेपचा वेग जरा जास्त, त्यामुळं आवाज चढा लागतो. एका कॅसेटवर पूरिया राग छापलाय आणि आत मारवा आहे. हे सगळं खरं आहे. पुढं मी लिहिलं, की ज्यांच्याकडं या कॅसेट अजून उरल्या असतील त्यांनी त्या खुशाल टाकून द्याव्यात, आता हीच गाणी पूर्ण आणि शुद्ध स्वरूपात फोनवर मिळतात. आणि सुरुवातीला एक वाक्य घातलं होतं: "आमच्या घरात हे संगीत कळणारं कुणी नव्हतं, मी एकटाच ऐकत बसायचो."

त्या वाक्यानं लोक हेलावले. दोघा-तिघांचे फोन आले. एक प्राचार्य म्हणाले, किती एकाकी साधना हो तुमची. मला बरं वाटलं. लेखाचा फोटो काढून मी तो भाचीच्या फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, आक्काला वाचून दाखव.

जानेवारीत हुरड्याला बोरीला गेलो. बायको-पोरं सोबत होती. रानात गेलो तर ज्वारी डोक्याच्या वर आलेली, कणसं दुधात, आणि पाखरांचा त्रास चालू. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाजींनी काठ्या रोवून मधे रिळं ताणली होती. जुन्या कॅसेटचं रीळ रानात बांधायची आमच्याकडं जुनी युक्ती आहे. उन्हात ते चमकतं, वाऱ्यावर भुणभुणतं आणि चिमण्या बसत नाहीत. मी ते बघत उभा होतो. पोरं त्याखालून पळत होती.

भाची म्हणाली, "मामा, तुमच्याच कॅसेटी हायेत."

मला आधी कळलंच नाही. मग आगटीजवळ पडलेलं पिवळं वेष्टण दिसलं. गवऱ्या पेटवायला त्यातले कागद घेतले होते.

दाजी खुशीत होते. "प्राध्यापक, तुमच्या गाण्यात दम हाय बगा. एक पाखरू टेकंना. माणसं तर आमी कवाच पळालो होतो."

सगळे हसले. मीही हसलो. आक्का कणसं चोळून दाणे सुपात काढत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आक्का, कॅसेट का तोडल्या गं?"

"तूच लिहिलास न्हवं, टाकून द्या म्हणून. पोरीनं वाचून दाखवलं." तिनं सुपातला कोंडा फुंकला. "टाकायच्या तर टाकायच्या कशाला, रानाला तर कामी येतील."

"ते मी दुसऱ्या लोकांसाठी लिहिलं होतं."

"पेपर काय येगयेगळा छापतेत का माणसागणिक?"

तेवढ्यात दाजी म्हणाले, "बरं झालं एका परीनं. रोज दुपारी जेवण झालं की हिचं गाणं चालू. कितीदा तर बेल्ट बदलून आणला त्या टेपचा. झोपू म्हणलं तर झोपू देईना."

"रोज?" मी विचारलं.

"तुमी परभणीला गेल्यापासून रोजच की. तुमाला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी दिवाळीला, उन्हाळ्यात, राखीला येत होतो. मी आल्यावर ती स्वयंपाकाला लागायची, टेप बंद असायचा, आणि मीच तिला फोनवर एखादं गाणं ऐकवून आपण काहीतरी दिलं अशा थाटात परत जायचो.

मी घाईघाईनं फोन काढला. त्या पिवळ्या कॅसेटमधली बाई, जी रडायलीय का गायलीय असं तिनं विचारलं होतं, तिच्या तोडी रागाचं पूर्ण ध्वनिमुद्रण लावलं. आक्कानं हात पुसले आणि मान खाली घालून ऐकलं. कॅसेटमध्ये दोन मिनिटांत बंदिश सुरू व्हायची. इथं आलाप लांबत गेला.

"ह्ये तीच बाई?"

"तीच. हे पूर्ण आहे."

"आवाज जड हाय हिचा."

"हाच खरा आवाज आहे. कॅसेटमध्ये वेगामुळं बारीक झाला होता."

"असं हाय का," ती म्हणाली. "म्हणजे आमी खोटंच ऐकायचो म्हण की इतके दिवस."

मी म्हणालो, खोटं नाही, जरा कापलेलं. माझं मलाच ते ऐकवेना.

"मला काय कळायलंय त्यातलं," आक्का म्हणाली. रागानं नाही, दाणे पुन्हा सुपात ओढत, अगदी साध्या आवाजात. "तू लिहिलास ते बरोबरच हाय. घरात कुणाला कळत न्हवतं. आवाज चालू असला की बरं वाटायचं, तेवढंच."

मी दाजींना म्हणालो, रिळं काढून घेऊ का. ते म्हणाले, आता काय गुंडाळता, जागजागी तोडून गाठी मारल्यात, पीक निघंपर्यंत राहू द्या. तेही खरं होतं. आक्कानं माझ्यासमोर गरम हुरडा ठेवला, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ ठेवला. मी तो खाल्ला. वरून वारा आला की रीळ वाजत होतं. निघताना तिनं पिशवीभर हुरडा वेगळा बांधून दिला, नेहमीसारखाच.

परभणीला आल्यावर मी पुरवणीच्या संपादकांना माझं चुकलेलं वाक्य दुरुस्त करायचं आहे असं कळवलं. ते म्हणाले, त्यात चूक काय आहे? वाचकांना तर तेच आवडलं. तरी पुढच्या लेखात मी ते दुरुस्त केलं. पण त्यानं आक्काचं काय होणार होतं? भाचीला फोन करून विचारलं, तर म्हणाली, आई आता दुपारी झोपते. टेप माळ्यावर टाकलाय.

त्या कॅसेट बाजारात कुठं मिळेनात. शेवटी कुणा शौकिनानं त्या जशाच्या तशा, खरखरीसकट, नेटवर चढवलेल्या सापडल्या. तोच वेग, तेच कापलेले आलाप. मी त्या एका मेमरी कार्डात भरल्या आणि बटणाचा छोटा स्पीकर घेतला. पण नुसतं यंत्र पाठवून भागणार नव्हतं. पाठवलं असतं तर माझ्या समाधानासाठी तिनं ते कपाटावर ठेवलं असतं. फोनवर बोलावं तर "बरं बरं" म्हणून ती फोन भाचीकडं देते. आपल्याला कळत नाही हे तिनं माझ्या लेखावरून मानलं होतं, म्हणून मलाही लिहूनच सांगायला हवं होतं. आक्का चौथी शिकलेली आहे, मोठं अक्षर असलं की वाचते. मी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि स्पीकरसोबत पोस्टानं पाठवलं. ते पत्र असं:

आक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नको, तूच वाच. वेळ लागला तरी चालेल.

मी पेपरात जे लिहिलं त्यात एक गोष्ट खोटी होती. मी एकटा ऐकत नव्हतो. तू होतीस. मी तिथून गेल्यावर इतकी वर्षं तू ऐकलंस, माझ्यापेक्षा जास्त ऐकलंस, आणि मी कधी विचारलं नाही. लोकांना आपलं कौतुक वाटावं म्हणून मी तुला त्यातून काढून टाकलं. याची मला लाज वाटते.

कॅसेटमधलं गाणं खोटं नव्हतं. त्या बाईनं ते खरंच गायलं होतं. कंपनीनं थोडं कापलं आणि जरा पळवलं, एवढंच. तुझ्या कानाला तोच आवाज गोड लागतो, तर तुझ्यासाठी तोच बरोबर. मी सोबत तीच गाणी पाठवतो आहे. मी लोकांना काय ऐका ते सांगत असतो, तसं तुलाही सांगतो.

पहिलं त्या बाईचं आहे. तिचा श्वास ऐकू येतो ना, मला वाटतं तिला त्या दिवशी बरं नसावं. तरी ती शेवटी हसल्यासारखी वर जाते. दुसरी सनई. ती दुपारचीच आहे, म्हणून तुझ्या वेळेला लाव. तिसरं सरोद. त्याच्यावर नाव चुकीचं छापलंय म्हणून मी लेखात लई बोललो. नाव सोडून दे. हातातलं काम ठेवून बसावं असं ते वाजवलेलं आहे. चौथं सकाळचं गाणं आहे, पण आपल्याकडं लाईट दुपारी यायची म्हणून आपण ते दुपारीच ऐकायचो. अजूनही सकाळी ऐकलं की मला चुकल्यासारखं वाटतं.

यातलं तुला कुठलं जास्त आवडायचं ते मला माहीत नाही. पुढं मी जे लिहीन, त्याच्या आधी मला ते सांग. तुझं नाव घालणार नाही, तुला आवडणार नाही म्हणून. पण तू ऐकत होतीस हे लिहीन.

तुला आता ऐकावंसं वाटत नसेल तर राहू दे. फक्त मी लिहिलं म्हणून बंद ठेवू नको. दाजींना म्हणावं, याचा आवाज कमी करता येतो, त्यांच्या झोपेला त्रास होणार नाही. मोठं बटण दाबलं की चालू होतं, तेच पुन्हा दाबलं की बंद.

तुझा भाऊ