दोन वॉल एकदम उघडले तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण आज मी भलत्याच खुशीत आहे आणि खुशीत माझी जीभ सैल होते.

डोंगरकड्याजवळ आमचं आणि काकांचं रान लागून आहे. विहीर एक, मोटर एक, पाण्याची पाळी दोन घरांत. दोन्हीकडे हळद. मी संगणक शिकून आले आणि म्हटलं, पाळीवरून रोजची कुरबुर कशाला? विहिरीवर एक पेटी बसवली. तिच्यात दोन प्रोग्राम — एक आमच्या पाइपाचा वॉल उघडणारा, एक काकांच्या. प्रत्येकाने आधी बघायचं, मोटर मोकळी आहे का? असली तर ‘माझी’ अशी खूण करायची आणि आपला वॉल उघडायचा. इतकं सोपं! गावभर मिरवले मी.

मग दोन्ही वॉल एकदम उघडे सापडू लागले. पाण्याला जोर राहीना, लांबच्या टोकाच्या हळदीची पानं पिवळी पडायला लागली. बाबांनी विचारलं, “काहून होऊन राहिलं असं?” आणि मी — काय म्हणाले असेन? काकूंचा हात लागला असेल, म्हणाले. काकू रोज पिण्याचं पाणी आणायला तिथे जायच्या, आणि वॉलला हाताने फिरवायची मूठ होतीच. “म्या हात लावला न्हाई,” काकू शपथेवर सांगत राहिल्या. बाबा काकांवर तुटून पडले. दोन घरांचं बोलणं बंद झालं.

तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं का? असेलही. पण दुसऱ्याच दिवशी लाइट आली तेव्हा मी पेटीपाशी उभी होते — आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही वॉल फिरले. जवळ चिटपाखरू नव्हतं. लाइट आली की दोन्ही प्रोग्राम एकाच क्षणी जागे व्हायचे. दोघांनाही मोटर मोकळी दिसायची, कारण खूण अजून कुणीच केलेली नसायची. बघणं आणि घेणं यांच्यामध्ये फट होती, आणि ती मी ठेवली होती.

मी गुपचूप कामाला लागले. बघणं आणि घेणं एकाच झटक्यात, मध्ये कुणी शिरूच शकणार नाही — असं कुलूप लिहिलं. एकाकडे कुलूप असेल तर दुसऱ्याने थांबायचं. मधेच लाइट गेली, तर परत आल्यावर कुलूप आपोआप मोकळं. बटण चालू-बंद करून करून बोटं दुखली, पण एकदाही चुकलं नाही! पुढे लाइटने हंगामभर तमाशे केले, माझं कुलूप हललं नाही. यंदा दोन्ही रानांत हळद अशी माजली की बघणारे थांबून बघतात. अंगावर मूठभर मांस चढतं हो!

घरी मात्र मी सांगितलं — आता कुणाचा हात लागला तरी वॉल उघडणार नाही, असं केलंय.

काल शेजारच्या गावची माणसं पेटी बघायला आली. दोन्ही घरं एका पंगतीत जेवली. काकूंनी सगळ्यांआधी माझ्या तोंडात पेढा घातला आणि म्हणाल्या, “बरं केलंस बाई. माझाच हात लागत असंल तवा, मला कळलंच न्हाई.”

काकू, तुमचा हात लागला नव्हता. एकदाही नाही. हे मला माहीत होतं, आणि तो पेढा मी खाल्ला.