चार बोटं कोरी जागा

"ठेव खाली."

गणपतीचा ठसा माझ्या हातात होता. मालकांनी तो माझ्या हातातून घेतला नाही. खाली ठेव म्हणाले. मी फरशीवर ठेवला. मग त्यांनी पुतण्याला हाक मारून लोटा मागवला आणि लाकडावर ठोकलेल्या त्या जस्ताच्या गणपतीला माझ्यासमोर आंघोळ घातली. वरून गोमूत्र शिंपडलं. लग्नपत्रिका छापायला आलेले दोन व्यापारी बाकावर बसून बघत होते. त्यातला एक हसला. "नवा पोट्टा हाय वाटते," म्हणाला.

छापखान्यातला माझा पहिलाच आठवडा होता. पत्रिका जुळवायचं काम मलाच दिलं होतं. वर गणपती लागतो हे मला माहीत, म्हणून मी कप्प्यातून काढला. नवरीचं नाव माझ्या हातानं जुळलं, ते चाललं. नवरदेवाचं चाललं, मुहूर्त चालला. चित्र चाललं नाही. काऊन बाप्पा? नाव बाटत नाही आणि चित्र बाटते? हे तेव्हा विचारायला पाहिजे होतं. मी मान खाली घातली आणि हात पँटीला पुसले. त्याची मला आजही चीड येते.

मी हे शुद्ध भाषेत लिहितो आहे, कारण खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, शुद्धच जोडावे लागायचे. राग आला की वऱ्हाडी येते. येऊ द्या.

जळगाव जामोदच्या बाजारातला तो छापखाना. पायानं चालवायचं एक मशीन, खिळे ठेवायच्या कप्प्याकप्प्यांच्या लाकडी केसा आणि मालकांचं साप्ताहिक. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं. मालक पुण्याला शिकून आलेले. त्यांच्या अग्रलेखात दर आठवड्याला समता यायची, आणि ती मीच जुळवायचो.

त्या दिवसापासून मला हुकूम झाला. ठशाला हात लावायचा नाही. देवाच्याच नाही, कुठल्याच. पुढाऱ्याच्या फोटोला नाही, बैलाच्या चित्राला नाही, बियाण्याच्या जाहिरातीतल्या कपाशीच्या बोंडालाही नाही. पुतण्या म्हणाला, "एका कप्प्यातलेच हायेत सारे." झालं. माझ्या वाट्याला राहिली फक्त अक्षरं.

तिथले जुने जुळारी रहीमचाचा. तेही ठशाला हात लावत नसत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ओळखून घेतलं होतं. पान बांधायला मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांची पद्धत सोपी होती, पण जीव खायची. स्टिक, म्हणजे खिळे ओळीनं लावायची पट्टी, हातात घेण्याआधी बातमी मोठ्यानं वाचायची. "जिथं दम लागला, तिथं वळ तोड," म्हणायचे; वळ म्हणजे ओळ. मग प्रूफ काढून भिंतीला लावायचं, लांब उभं राहायचं, डोळे बारीक करायचे. "वाचू नको, बेटा. काळं कोठी हाय आन् पांढरं कोठी हाय, एवढंच पाय."

मी बघायचो. नुसता काळा ढीग दिसायचा. चाचा मान हलवायचे आणि मी सगळं सोडून पुन्हा जुळवायचो. मोठी अक्षरं जुळवायला घेतली की 'ळ' कमी पडायचा. लाकडी टाइप होता तो तमाशाच्या जाहिरातीचा, कडा झिजलेल्या. मनात एक पान दिसायचं आणि दगडी टेबलावर भलतंच उतरायचं. डोकं फिरून जायचं. एकदा तर मी स्टिक भिंतीवर फेकून मारली. चाचा एवढंच म्हणाले, "आता सांडलेले खिळे येच."

खरं तर पानावरची पांढरी जागा रिकामी नसते. वाचणाऱ्याला ते माहीत नसतं. तिथे शिशाचे कोरे तुकडे भरावे लागतात, अक्षरांइतकेच घट्ट. ते उंचीला कमी असतात, म्हणून त्यांना शाई लागत नाही. पण ते काढले तर अख्खं पान सांडतं. हे मला कळलं तेव्हा मी तासभर कामच केलं नाही.

हळूहळू जमायला लागलं. एसटी आली नाही म्हणून आठवडी बाजाराची माणसं दिवसभर ताटकळली, ती बातमी आली. मी 'एसटी' हा शब्द डाव्या कडेला ठेवला, पूर्ण ओळ कोरी सोडली आणि उजव्या कोपऱ्यात बारीक टाइपात 'आलीच नाही' लावलं. मालक खवळले.

"हे काय? जागा सुटली."

"सुटली नाही. सोडली."

"कागद तुह्या बापाचा हाय का बे?"

पण अंक गेला आणि स्टँडवर माणसं तो हातात धरून हसली. कंडक्टरनंही एक घेतला. त्यानंतर पहिलं पान माझ्याकडे आलं. पुतण्या ठसे लावायचा, बाकीचं मी. लोक मालकांना म्हणायचे, तुमचं पान बोलते. मालक मान डोलवायचे. मीही खुळा, मनातल्या मनात खूश व्हायचो.

मग तालुक्यातले एक मोठे जमीनदार वारले. सारे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. पहिल्या पानावर त्यांचा फोटो द्यायचा होता. ठसा अकोल्याहून रेल्वेनं शेगावला यायचा होता. पुतण्या स्टेशनावर जाऊन हात हलवत परत आला. मालकांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळले. "करून दे बे कायतरी."

मी केलं. पान सगळं कोरं सोडलं. वर एक शब्द, 'गेले'. अगदी खाली लाकडी टाइपात त्यांचं नाव. बस्स. भाऊसाहेबांची मुलं छापखान्यात आली, पान हातात घेऊन रडली. मालकांना शाल घातली, नारळ दिला. मी केसेजवळ उभा राहून तमाशा पाहत होतो. मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मी गिळलं. बरंच काही गिळायचो तेव्हा.

त्याच उन्हाळ्यात कौसा मेली.

कौसा माझ्या काकाची मुलगी. लग्न गावातच झालेलं, कडेवर लेकरू. मला बघितलं की चिडवायची, "काऊन रे, तुह्या अक्षराईनं घरात उजेड पडते का?" आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. आम्ही धर्म बदलला आणि गावाची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. तोवर गावच्या विहिरीवर कोणीतरी वरून आमच्या घागरीत पाणी ओतायचं. गावानं ते बंद केलं. म्हणून आमच्या बाया गिट्टीच्या खदानीतलं साचलेलं पाणी आणायच्या. उतार निसरडा. कौसा घागर भरून वर येत होती, पाय गेला. रिकामी झालेली घागर तरंगत राहिली. कौसा दुसऱ्या दिवशी सापडली.

तिला माती देऊन मी कामावर आलो. मालकांनी बातमी लिहून ठेवली होती. चौथ्या पानावर, जाहिरातींच्या मधे, सगळ्यात बारीक टाइपात. 'एक महिला पाय घसरून खदानीत पडून मरण पावली.'

"मालक, नाव नाही."

"नावानं काय फरक पडते?"

"आन् थे तिथं काऊन गेलती, थे?"

"पोलिसाईनं लिहिलं तेवढं छापाचं."

तरी मी मागितलं. हो, मागितलं. "पहिल्या पानावर थोडी जागा द्या. भाऊसाहेबांसारखी नका देऊ. चार बोटं द्या."

मालक हसले. रागानं नाही. लहान पोराला समजावतात तसे. "मोठ्या माणसाच्या मौतीले जागा लागते लेका. तुमच्याईत मेलं त दोन वळी लय झाल्या."

मी केसेपाशी गेलो. पहिलं पान बांधायला घेतलं. वर सगळ्यात मोठ्या लाकडी टाइपात 'कौसा'. खाली बारीक, 'पाण्याला गेली.' मग सगळं कोरं. शिशाचे तुकडे भरत गेलो, भरत गेलो. वाचणाऱ्याचा डोळा तेवढा चालला पाहिजे, जेवढी ती रोज चालायची. आणि तळाला एक ओळ, 'गावची विहीर जवळ होती.'

चाचांनी प्रूफ पाहिलं. डोळे बारीक केले. गमच्यानं तोंड पुसलं.

मालक आले. वाचलं. चेहरा लाल झाला. "मोड हे."

"मी जोडलं. मी मोडणार नाही."

"विहीर कोणाची हाय, माहीत हाय ना? सरपंच माह्या अंकाचा वर्गणीदार हाय."

"माहीत हाय."

त्यांनी दोन्ही हातांनी पान ढकलून दिलं. ते दगडावरून खाली आलं, फुटलं, खिळे पार दरवाज्यापर्यंत गेले. बारीक, मोठे, कोरे, सगळे एकात एक. मालक म्हणाले, "उचल."

मी उभा.

"उचल म्हणतो ना! तुह्या जातीले वाकाले सांगा लागते का?"

रहीमचाचा गुडघ्यावर बसले आणि वेचायला लागले. खालूनच म्हणाले, "उचल बेटा. नौकरी हाय." मला मालकांपेक्षा चाचांचा राग आला. एवढं शिकवलं, आणि शेवटी हेच शिकवायचं होतं? ओरडावंसं वाटलं. पण ते माझीच अक्षरं वेचत होते.

"नाही उचलणार," मी मालकांना म्हणालो. "तुम्ही सांडलं. तुम्ही वाका." खिळ्यांवर पाय न देता बाहेर पडलो.

गावात आलो. काकूला, कौसाच्या आईला, काय झालं ते सांगितलं. काका ओरडला, "आता गाव सोडाले लावतं का आमाले?" काकूनं घरातला गेरू काढला, बादलीत कालवला आणि माझ्यापुढे चालायला लागली. भर दुपारी, साऱ्या गावातून. विहिरीच्या कठड्याला पांढरा चुना होता, ताजा. मी बोटानं अंतर मोजून घेतलं.

काकू म्हणाली, "मोठं लिही. मले वाचता येत नाही. पण मोठं लिही."

लिहिलं. त्याच तीन ओळी. मधे कोरी जागा सोडून. पाणी भरणाऱ्या बाया दोर हातात धरून थांबल्या. ज्यांना येत होतं त्यांनी वाचलं, बाकीच्यांना वाचून दाखवलं. एकीनं घागर अर्धीच भरली आणि निघून गेली.

संध्याकाळच्या आत कोतवाल ओलं पोतं घेऊन आला. खाली बघत म्हणाला, "पुसाले सांगतलं मले."

"पूस," मी म्हणालो. "सुकलं का पुन्हा लिहितो."

त्यानं पुसलं. मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसलं. मी पुन्हा लिहिलं. मग काठ्या घेऊन चौघे आले. त्यातल्या एकानं माझं बोट मोडलं, उजव्या हाताचं. मी डाव्या हातानं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

आता मी कोणाला जागा मागत नाही. आमच्या बायांच्या घागरी त्या विहिरीत उतरेपर्यंत तो कठडा कोरा राहणार नाही. हे मी सरपंचाला तोंडावर सांगितलं आहे.