तारांतोची बोट

आता मी कतारमधल्या मेसईदच्या बंदरावर सेफ्टी बघतो. दोहाशी ओळख त्याआधीची, नौदलातली. मी पेटी ऑफिसर होतो आणि आमची फ्रिगेट चार दिवसांच्या सदिच्छा भेटीवर दोहाला आली होती. शेजारच्या धक्क्यावर इटलीचं जहाज. तिसऱ्या दिवशी दोन्ही जहाजांत वल्ह्यांच्या बोटींची शर्यत ठरली. प्रत्येक बोटीत पाच वल्हेकरी आणि सुकाणूवर कॉक्सन; आमचा कॉक्सन मी.

त्यांचा कॉक्सन कोझिमो, दक्षिण इटलीतल्या तारांतो बंदराचा. मोडक्या इंग्रजीत छाती ठोकून म्हणाला, "आमचं शहर स्पार्टाहून आलेल्या ग्रीकांनी वसवलं. अडीच हजार वर्षांहून जुनं. तुम्ही हरणार."

माझा वल्हेकरी भोईर हसला. "सर, याला सांगा, आमचं उरणपण काय कालचं नाय."

१६०० वाजता शर्यत सुटली. पाणी सपाट होतं. दहा मिनिटांत आम्ही दोन बोटींच्या लांबीने पुढे. तेवढ्यात वायव्येकडून शमाल, तिकडचा धुळीचा वारा, सुटला. किनाऱ्यावरचे वेस्ट बेचे टॉवर धुळीत गेले. फिनिशचा बोया मात्र मला दिसत होता, जेमतेम पन्नास मीटरवर.

वल्हेकऱ्यांची तोंडं मागे असतात. भोईर ओरडला, "सर, त्यांची बोट उलटली! पाचच डोकी दिसतायत."

न दिसणारं सहावं कोझिमोचं होतं.

"फिरवा बोट," मी ऑर्डर दिली. कोणी बोयाकडे वळूनही पाहिलं नाही.

रेडिओवर कळवलं, "रेस कंट्रोल, बोट टू. बोट वन उलटली. परत जातोय."

"बोट टू, सेफ्टी बोट पाच मिनिटांवर. ओव्हर."

पाच मिनिटं फार होती. भोईरने कमरेला दोर बांधून बुडी मारली आणि उलट्या बोटीखालून कोझिमोला ओढून काढलं. खोकून झाल्यावर त्याने पहिलं विचारलं, "कोण जिंकलं?"

"खलास," भोईर म्हणाला. "कोणीच नाय."

कतारच्या यजमानांनी कप भोईरला दिला. त्याने तो कोझिमोच्या डोक्यावर टोपीसारखा बसवला. दोन्ही जहाजांचे लोक पोट धरून हसले.

महिनाभराने कोझिमोचा तारांतोहून व्हिडिओ कॉल आला. तो तिथल्या दफनभूमीत उभा होता. महायुद्धात तिकडे गेलेल्या आपल्या सैनिकांची नावं दगडांवर कोरलेली.

"लहानपणापासून बघतोय, नीट वाचता येत नाहीत," तो म्हणाला. "शिकवा."

भोईर पडद्यावर बघून एकेक नाव सांगत गेला, कोझिमो मागोमाग म्हणत गेला. गणपत. शिवराम. धोंडू तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा त्याने बरोबर म्हटलं आणि सॅल्यूट केला. इकडे आम्हीही उभे राहिलो.