शेठने दिलेली किल्ली

दिवाळीला सुरतेतले माग बंद झाले की आम्ही खानदेशी माणसं गावाकडच्या गाड्या पकडायचो. त्या वर्षी मात्र शेठने सापुताऱ्याच्या वरच्या डोंगरातल्या आपल्या लाकडी खोलीची किल्ली यांच्या हातात ठेवली. म्हणाला, बायकोला घेऊन राहून या. मी कारखान्याच्या दारात उभी होते. किल्ली देताना शेठ यांच्या कानाशी लागून हळूच काहीतरी बोलला आणि यांनी मान हलवली.

तिथंच माझं डोकं फिरलं. फुकट कोण कुणाला डोंगर दाखवतं? माझे वडील कामाला होते त्या गिरणीचा मालकही गिरणी बंद करण्याआधी असाच गोड बोलायला लागला होता. गोड बोलून केसानं गळा कापायचा, ही जात मला माहीत होती. हे कारखान्यात मास्तर होते, बिघडलेला माग आवाजावरून ओळखायचे. आम्ही डोंगरावर, आणि इकडे त्यांच्या जागी दुसरा मास्तर, असाच डाव असणार. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात असं एकाचं झालंही होतं.

खोली छान होती, उगाच नावं ठेवणार नाही. पण इतकी शांतता मला सोसवेना. सुरतेत आमच्या खोलीची भिंत कारखान्याला लागून. घरातही आम्ही समोरासमोर उभं राहून ओरडूनच बोलायचो. इथं पान पडलं तरी ऐकू यायचं. संध्याकाळी चुलीकडे तोंड करून मी विचारायचे, "शेठनी तुम्हले काय सांगं?" हे गप्प. पुन्हा विचारलं तरी गप्प. कंदिलाची वात बघत बसायचे.

सकाळी खाली गावात उतरलो की हाच माणूस पालटायचा. दिवाळीत तिथं निम्मं सुरत आलेलं. घोडेवाले, भजीवाले, कॅसेटची गाणी, तळ्यावर बोटीसाठी ढकलाढकली. त्या गलक्यात हे तोंडासमोर ओरडणाऱ्या फोटोवाल्याशी हसत, बोटवाल्याशी गप्पा मारत. लोकांशी दिवाळी आणि माझ्याशी मौनव्रत! हे शेठला सामील आहेत, माझ्यापासून काहीतरी लपवताहेत, याची मला खात्रीच पटली.

त्या गावावरही माझा विश्वास नव्हता. बाटल्यांतला डोंगरचा मध मला गुळाचा पाक वाटला. हे घेऊ म्हणत होते, मी हात धरून पुढे नेलं. मग इको पॉइंटला गेलो. लोक दरीकडे तोंड करून ओरडत आणि कान देऊन उभे राहत. पलीकडे कुणी माणूस लपवून ठेवलाय की काय, अशी मला शंका.

यांनी आरोळी ठोकली, मागांच्या खडखडाटावर मात करणारी. आणि ठोकल्याबरोबर वळून पुढे कुठं जायचं ते मला विचारलं, "चाल, आते कथा जानं?"

त्यांच्या पाठीमागे दरीतून आरोळी परत आली, चांगली घुमत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे हातावरची शेंगदाण्याची सालं फुंकत होते. टाळ्या कशाच्या, हे त्यांना कळलंच नाही.

वर परतताना पायवाटेवर मी मुद्दाम मागे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "तुमना शेठ चोर शे." शेठला कुणी शब्द बोललं तर अंगावर येणारा हा माणूस शांतपणे चढत राहिला.

मी धावत पुढे गेले, वाट अडवली. कारखान्यात बोलतात तसे ओठ मोठे करून विचारलं, "तुम्हले ऐकू येस नही का?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "माले वाटनं तूच हळू बोलस. रुसेल शेस."

"आनि शेठनी काय सांगं?"

"मालेच ऐकू उनं नही. मी मान हालाई दिधी."

मी वाटेतच बसले आणि रडले. ज्याच्या संशयानं मी जळत होते, ते त्यांनाच माहीत नव्हतं. आणि आवाज ऐकू न येणारा मास्तर कोण ठेवेल?

दिवाळीनंतर लाभपाचमीला कारखाना पुन्हा सुरू करायचा मुहूर्त. पेढे घ्यायला आम्ही बायकाही गेलो. यांच्या जागेवर हेच होते. दुसरा मास्तर कुठं दिसला नाही. माग अजून उभे, सगळीकडे शांत. पूजेचं ताट सावरत शेठ खाली मान घालून यांना म्हणाला, "मध लाव्या के नई? खास कह्युं हतुं."

एवढंच सांगितलं होतं त्यानं. मध आणायला.

हे माझ्याकडे बघायला लागले. तशी घाबरलेली नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती. मी पदर सावरून पुढे झाले. "शेठ, हे घेतच होते, मीच घेऊ दिला नाही. सगळा गुळाचा पाक."

शेठ हसला. बायको संशयी आहे, असं यांच्या कानाशी लागून म्हणाला असावा. यांनी मान हलवली आणि मागाच्या लोखंडावर तळहात टेकवून उभे राहिले.

मग बटण दाबलं, माग सुरू झाले, आणि कुणालाच काही ऐकू येईना.