न मोडलेला पाव

फोन काकूंचा होता. "हे गेले गं," एवढंच म्हणाल्या. मी ॲन आर्बरच्या बसस्टॉपवर बर्फात उभी, आणि मनगट अजून ठणकत होतं... दोनच दिवसांपूर्वी दिवाकरकाकांनी त्यावर काठी हाणली होती, चांगलं रक्त निघेपर्यंत. असल्या बर्फात ड्राइव्ह करायला निघाले होते, म्हणून मी किल्ली हिसकावली. "पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही!" असं ओरडून मी तरातरा निघून आले होते.

असा हा माणूस. नात्याचा नव्हे, पण मी नागपूरहून इथं अमेरिकेत नोकरीसाठी आले तेव्हा पहिलं जेवण त्यांच्याच घरी झालं. रिटायर्ड सर्जन, आणि डोकं म्हणजे सदा तापलेला तवा. अमेरिकेत येण्याआधी ते इंग्लंडमधल्या एका चिमुकल्या खेड्यात डॉक्टर होते. वरची आळी, खालची आळी, मधे विहीर. त्या पाण्यावरून कधीकाळी मुडदे पडले होते म्हणे. तेव्हापासून वर्षातून एक दिवस दोन्ही आळ्या एका कातडी चेंडूसाठी एकमेकांना तुडवायच्या. नियम एकच. ज्यानं रक्त काढलं, त्यानं स्वतः पाव भाजून ज्याचं निघालं त्याच्या दारात जायचं. त्यानं तो हातानं मोडला की भांडण मिटलं. नाही मोडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.

तिथल्या खाटकानं एकदा "चालते व्हा इथून" म्हणत काकांच्या खिडकीतून वीट भिरकावली. काकूंचं कपाळ फुटलं. चेंडूच्या दिवशी काकांनी त्याला चिखलात लोळवला आणि नाक फोडलं. "कडकन आवाज आला गं!" हे सांगताना म्हातारपणीसुद्धा त्यांचे डोळे चमकायचे. दुसऱ्या दिवशी करपलेला पाव घेऊन गेले. खाटकानं तो मुकाट मोडला, आणि मग स्वतः पाव भाजून काकूंसमोर उभा राहिला. काकू कुठल्या मोडतायत! "रोज यायचा मेला," त्या अजून सांगतात. "पार उन्हाळा आला, तेव्हा मोडला. रागच तेवढा होता माझा."

ती सवय काका इथं घेऊन आले. इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणाची कॉलर धरली, की दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात पाव.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी फॉइलमध्ये गुंडाळलेला एक पाव माझ्या हातात ठेवला. "तू गेलीस त्याच संध्याकाळी भाजला. बर्फ थांबला की चालत जाऊन देतो म्हणत होते." खालून करपलेला, नेहमीसारखा. मी तिथंच ढसाढसा रडले.

"मोड आता, बाळा," काकू म्हणाल्या.

नाही मोडला. माझ्या फ्रीजरमध्ये आहे. मनगट कधीच बरं झालं, पण पाव मोडलेला नाही, काका... म्हणजे तुम्हाला पुन्हा यावं लागणार.