सुरमई नावाचं संशोधन

मोठं संशोधन संपलं की पेपर जर्नलकडे जातात, अहवाल निधी देणाऱ्यांकडे जातात, मशिनं आपापल्या संस्थांकडे परत जातात. जे कुणालाच नको असतं ते समन्वयकाकडे राहतं. माझ्याकडे किस्से राहिलेत. परवा बोईसरला मैत्रिणींमध्ये एक सांगायला घेतला, त्याच्या मागून दुसरा आला, आणि दुसऱ्यांदा चहा टाकावा लागला. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढू.

मी मूळची साताऱ्याची. नवरा बोईसरला कारखान्यात, म्हणून मी इथली. नोकरी विद्यापीठाच्या संशोधन विभागात. आरोग्य आणि जैवविज्ञानाचा एखादा मोठा निधी जाहीर झाला की चार-पाच संस्थांना एकत्र आणायचं, त्यांच्याकडून एकच अर्ज लिहून घ्यायचा, आणि निधी मिळाला की तो संपेपर्यंत त्यांना एकत्र ठेवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड!

आमचा प्रोजेक्ट रक्तातल्या साखरेवर होता. किनाऱ्यावरची गावं, बोईसरच्या कामगार वस्त्या आणि आतले पाडे, असा एकत्र अभ्यास. प्रमुख होते विद्यापीठाचे डॉ. नेने. प्रयोगशाळेची बाजू दुसऱ्या संस्थेतल्या डॉ. मेनन मॅडमकडे. आणि घरोघरी जाऊन लोकांना शिबिराला आणायचं काम नवापूरच्या वैशालीताईकडे. ती तिथल्याच मच्छीमार घरातली.

०

पहिली भानगड झाली जागेची. नेने सर म्हणाले, मीटिंग विद्यापीठात. मेनन मॅडम म्हणाल्या, आमच्या संस्थेत. दोघांपैकी कुणी हलेना. शेवटी मी मनोरला हायवेवरचं एक हॉटेल ठरवलं. तिथे कुणाचीच संस्था नव्हती.

हॉटेलात टेबल होतं लांबलचक. टोकाच्या खुर्चीकडे दोघंही निघाले, दोघांनी एकमेकांना पाहिलं, आणि दोघंही समोरासमोर मध्ये बसले. मी उशिरा आत आले. रिकामी खुर्ची एकच होती, टोकाची.

वेटर सरळ माझ्याकडे आला. "मॅडम, सगळ्यांचं काय सांगू?"

मी थाळ्या सांगितल्या. त्या दिवसापासून प्रत्येक मीटिंगची अध्यक्ष मीच! कुणी हरकत घेतली नाही. नेने सरांना एवढंच हवं होतं की मेनन मॅडम नकोत, आणि मॅडमना एवढंच की नेने सर नकोत.

०

मग नाव. आजकाल प्रोजेक्टला इंग्रजी आद्याक्षरांचं नाव लागतं, आणि त्यातून काहीतरी अर्थ निघावा लागतो. बऱ्याच खटपटीनंतर आमचं नाव निघालं 'सुरमई'. नेने सर खूश. "लोकल कनेक्ट! कोळीवाड्यात घराघरात पोचेल!"

पोचलं. नवापूरच्या पहिल्या शिबिराला एवढी गर्दी झाली की खुर्च्या कमी पडल्या. बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या. सरांनी भाषण केलं, साखर, स्वादुपिंड, आनुवंशिकता सगळं समजावलं, आणि विचारलं, "काही शंका?"

मागून एक बाई उठली. "सुरमय कवा वाटनार?"

सर माझ्याकडे बघायला लागले. वैशालीताई पुढे झाली, "अगो, नाव हाय ते! मासळी नाय. रगत तपासनार हायत."

बाईने टोपली काखेत घेतली. "नाव सुरमय आन मागता रगत!"

अर्धं शिबिर तिच्यामागून निघून गेलं.

०

उरलेल्या अर्ध्यात एक सूनबाई होती. नाव विचारलं, सही घेतली, हात पुढे केला, तरी सिस्टरला सुई टोचू देईना.

"घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं होतं," सिस्टर म्हणाली.

"मी नाय घाबरत. आदी सासूला टोचा."

सासू शेजारच्याच खुर्चीवर. तिला टोचलं. सूनबाईने नीट बघितलं, मग स्वतःचा हात पुढे केला. "झालं? आता माजं घ्या. न् तिचं अजून एकदा घ्या. बरोबर आलं नसंल."

०

नमुने ठेवायला बोईसरच्या ऑफिसात मोठा फ्रीझर आला. उणे ऐंशी अंशांचा. एका दुपारी तो उगाच ओरडायला लागला, म्हणून शेजारच्या कारखान्यात काम करणारा एक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने मागची पट्टी उघडली, वायर तपासल्या, सहज विचारलं, "मॅडम, इतनी ठंडी में रखते क्या हो? आइसक्रीम?"

"खून," मी म्हटलं.

त्याने पाना खाली ठेवला. "किसका?"

"पूरे गाँव का."

फ्रीझर दुसऱ्या माणसाने दुरुस्त केला.

०

व्हॉट्सॅपचं सांगायलाच हवं. पाच संस्थांचा ग्रुप एक. मग नेने सरांशिवाय एक. मेनन मॅडमशिवाय एक. सगळ्या ग्रुपांत असलेली मी एकटी.

एकदा प्रयोगशाळेतली तपासणी मागे पडली. मेनन मॅडमनी घाईघाईत मेसेज टाकला, "दोन आठवडे उशीर होईल. नेने सरांना इतक्यात सांगू नका." पडला मोठ्या ग्रुपवर!

मी मॅडमना फोन लावला, मेसेज काढून टाका म्हणायला. तोवर त्यांच्याकडे निळी टिक आली होती, म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं.

थोड्या वेळाने नेने सरांचं उत्तर आलं. "नाही सांगत."

त्यानंतर दोघं एकमेकांशी बरं बोलायला लागले. माझं काम निम्मं झालं.

०

पुढचा टप्पा मिळणार की नाही, हे ठरवायला निधी देणाऱ्यांची समिती आली. आमच्यासाठी हा मोठा दिवस. वैशालीताईसारख्या गावोगावच्या सगळ्या बायकांची नोकरी त्याच्यावर होती. तिची मुलगी पालघरला कॉलेजात होती, आणि घरची बोट भाऊबंदांत वाटली गेलेली. आदल्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "मॅडम, उद्या सरांना कमी बोलाया सांगा."

समितीतले एक पाहुणे नवापूरला बोंबलांच्या मांडवाखाली थांबले. बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी मराठीत केलं, "शिबिराचा काय फायदा झाला?"

"साकर हाय ती कळली."

"मग घरात काय बदललं?"

"चा बिनसाकरेचा झाला."

"आणि नवरा? तोही तसाच पितो?"

"तो आता घरी चा पीतच नाय. नाक्यावर पितो."

पाहुण्यांनी मान डोलवली, भराभर लिहून घेतलं. अहवालात वाक्य आलं, 'कुटुंबातील पुरुषांच्या सवयींमध्येही ठळक बदल दिसून आला.'

०

एवढं करून पुढचा टप्पा मंजूर झाला, पण आमच्याकडे नाही. नवा टप्पा दुसऱ्या जिल्ह्यात. निकालाची मेल आली तेव्हा उमरोळीच्या पाड्यावर शिबिर चालू होतं. वैशालीताई वजनकाट्यावर एका म्हातारबाबांना सरळ उभं करत होती. मी तिला बाजूला बोलावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, परत गेली, म्हातारबाबांचं वजन लिहिलं, पुढच्याला हाक मारली.

शिबिर आवरल्यावर नेने सरांचा फोन आला. "गावांना एक छानसं आभाराचं पत्र पाठवू या."

फोन स्पीकरवर होता. वैशालीताई म्हणाली, "सर, रगत न्यायला तुमी आलेले. सांगाया पन तुमीच या."

सर आले. मेनन मॅडमही आल्या, न बोलावता. नवापूरच्या देवळासमोर पहिल्या शिबिराच्या निम्मीही माणसं नव्हती. सरांनी या वेळी भाषण केलं नाही. प्रोजेक्ट संपला, रिपोर्ट सगळ्यांना मिळालेत, साखर असेल त्यांनी सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू ठेवा, एवढंच सांगितलं.

मेनन मॅडमनी हळू हिंदीत सांगितलं की तपासणीतून उरलेले नमुने जपून ठेवले आहेत, नव्या जागी नेतील, पुढच्या संशोधनाला उपयोग होईल. वैशालीताईने ते गावच्या बोलीत केलं.

पुढे जानकीबाय बसली होती. मासळी विकणारी, प्रत्येक शिबिराला पहिला नंबर लावणारी. तिने सगळं ऐकलं.

"म्हंजी तुमी आता येनार नाय."

"नाही, आजी," सर म्हणाले.

"न् आमचं रगत तुमच्याकडं हाय अजून."

"हो. अगदी सुरक्षित आहे."

जानकीबाय उठली. सरांच्या समोरची रिकामी खुर्ची ओढून तीत बसली, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात त्यांच्यापुढे धरला.

"मंग परत घाला."